फ्लामेंको गायन: पालो कानाने कसे ओळखायचे?

गाणंवेडा

फ्लामेंको म्हटलं की नाचावर आणि गिटारवर बोलणारे पुष्कळ भेटतात. गाण्यावर, म्हणजे तिकडे ज्याला 'कान्ते' म्हणतात त्यावर, मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा.

प्रश्न असा, की या गाण्याचे पन्नासच्या आसपास प्रकार सांगतात आणि प्रत्येक प्रकाराला 'पालो' म्हणतात. सोलेआ, सेगिरिया, बुलेरियास, मालागेन्या, तारांता... जालावर याद्या आणि वंशावळीसारखे तक्ते ढिगाने आहेत, पण ऐकायला बसलं की त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. गिटार वाजते, गायक 'आऽऽय' करून टाहो फोडतो, टाळ्या पडतात, आणि नवख्याला सगळं एकच वाटतं. ठेका धरायचा, सूर धरायचे, की कडव्याची बांधणी? जाणकारांनी क्रमाने सांगावं.

दोन उपप्रश्न. दक्षिण स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातली हेरेस, त्रियाना, कादिस ही ठिकाणं म्हणजे आपल्यासारखी घराणी समजायची का? आणि हे सगळं राजस्थानातून गेलं म्हणतात, ते कितपत खरं?

कोमल_गंधार

तक्ते आधी बाजूला ठेवा. ते इतिहास सांगायला काढलेले असतात, ऐकायला नाहीत. पहिल्या अर्ध्या मिनिटात एवढंच बघायचं:

गिटार आहे का? नसेल तर तुम्ही तोनाच्या कुटुंबात आहात. तोना, मार्तिनेते, देब्ला, कार्सेलेरा, सगळे मुक्त लयीत. मार्तिनेतेचं नातं लोहाराच्या भट्टीशी, म्हणून ध्वनिमुद्रणात पुष्कळदा ऐरणीवरचा हातोडा ऐकू येतो. कार्सेलेरा म्हणजे तुरुंगाच्या विषयावरचं मार्तिनेतेच. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुकीतल्या मूर्तीसमोर सज्जातून गातात ती साएताही बिनगिटारीची.

गिटार आहे, पण कितीही प्रयत्न केला तरी मात्रा मोजता येत नाहीत? मग मुक्त लयीतले पालो: मालागेन्या, ग्रानाइना, तारांता, कार्ताहेनेरा, मिनेरा. यांत गिटार गायकाच्या मागे चालते. तो ओळ संपवेपर्यंत थांबते आणि मग उत्तर देते.

मात्रा मोजता येतात? मग चार, तीन की बारा, ते बघा. चारचे: तांगोस, तिएंतोस, रुम्बा, फारूका, गारोतीन. तीनचे: वेल्वाचे फांदांगो, वेर्दियालेस, सेवियानास. उरलेला सगळा मोठा कारभार बाराचा.

मात्रामोजणी

बाराचं मी सांगतो, कारण माणसं तिथेच अडकतात.

१ ते १२ मोजा आणि ३, ६, ८, १०, १२ वर जोर द्या. हा सोलेआचा कोम्पास (मात्रांचं आवर्तन), म्हणजे ३+३+२+२+२. आलेग्रियासचाही हाच, फक्त चाल जलद आणि सूर मेजर. बुलेरियास त्याहून जलद. तिथे मोजायला बारापासून सुरुवात करतात: १२, ३, ६, ८, १०.

आपला कान पहिल्या मात्रेवर सम शोधतो आणि फसतो. इथे एकवर काहीच घडत नाही. गायकाची ओळ, गिटारचा तुकडा, नाचणाऱ्याचा पाय, सगळं येऊन पडतं ते दहावर. अकरा-बारा मोकळे, किंवा पुढच्या उडीची तयारी. साध्या सोलेआत गिटारवाला तीनवर एफ मेजर वाजवतो आणि दहावर ई मेजरवर उतरतो. आधी तो 'दहा' सापडवा. तो सापडला की बाकीचे अकरा आपोआप जागेवर बसतात.

सेगिरियात जोर त्याच क्रमाने येतात, पण सुरुवात सोलेआच्या आठव्या मात्रेपासून: ८, १०, १२, ३, ६. म्हणजे २+२+३+३+२. वृत्तं शिकलेल्यांनी लघु-लघु-गुरू-गुरू-लघु म्हणावं. हे बारापर्यंत मोजायला गेलात की हमखास हरवाल. पाचच टाळ्या मोजायच्या, तिसरी आणि चौथी लांब. गायक-वादकही असंच मोजतात.

जोशीबुवा

थोडक्यात एकताल.

मात्रामोजणी

@जोशीबुवा, बारा मात्रा एवढंच साम्य. एकतालाचे विभाग दोन-दोन मात्रांचे, सगळे सारखे. इथली गंमतच तीन-तीन आणि दोन-दोनच्या ओढाताणीत आहे. शिवाय बुलेरियासमध्ये बाराचा हट्टही फार धरता येत नाही. हेरेसमध्ये टाळ्या सहाच्या अर्ध्या आवर्तनावर चालतात आणि गायक अर्ध्यावरून उठला तरी कोणी त्याला बेताला म्हणत नाही. काटेकोर बारा मोजत बसलेला पाहुणाच उलटा पडतो.

निवांत_पाटील

पाहुणा उलटा पडल्यावर 'जेवूनच आला असाल ना' असं विचारतात का तिकडेही? ह.घ्या.

रसिका_सातारकर

सुरांकडे वळू या.

ई ला सा धरा. फ्लामेंकोचा ओळखीचा उतार म्हणजे ए मायनर, जी, एफ, ई हे चार कॉर्ड. आपल्या भाषेत म, कोमल ग, कोमल रे, सा. इथपर्यंत भैरवी. पण शेवटचा ई चा कॉर्ड मेजर असतो, म्हणजे त्यात शुद्ध गंधार आहे. गायक उतरताना कोमल गंधार घेतो आणि थांबतो तिथे खालून शुद्ध गंधार वाजत असतो. चढताना शुद्ध घेतला की क्षणभर बसंतमुखारी ऐकल्यासारखं वाटतं. म्हणून 'हा अमुक राग' असा निकाल देण्यात अर्थ नाही. खालचा कॉर्ड बदलला की तोच स्वर वेगळा लागतो, आणि ही सोय रागात नाही.

गिटारवर मुख्य जागा दोन. पोर आर्रिबा म्हणजे ई ची बैठक, पोर मेदियो म्हणजे ए ची. सोलेआ बहुधा ई मध्ये. सेगिरिया, तिएंतोस, तांगोस, बुलेरियास बहुधा ए मध्ये. ग्रानाइना बी मध्ये, तारांता एफ शार्पमध्ये, मिनेरा जी शार्पमध्ये. गायकाची पट्टी सांभाळायला गिटारच्या मानेवर सेखिया, म्हणजे आपण कापो म्हणतो तो, लावतात. गायक गिटारवाल्याला 'चौथ्यावर, पोर मेदियो' एवढंच सांगतो. ए अधिक चार घरं म्हणजे सी शार्प, पेटीवाल्यांची काळी एक. 'दुसऱ्यावर, पोर आर्रिबा' म्हणजे काळी तीन.

मग पट्टी एकच ठेवून बैठक का बदलायची? उघड्या तारांसाठी. तारांतात एफ शार्पच्या कॉर्डाबरोबर वरच्या बी आणि ई या तारा मुद्दाम उघड्या वाजू देतात. त्या कॉर्डात बसत नाहीत, टोचतात. तो टोचरा आवाज कानात बसला की तारांता पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येते, गायकाने तोंड उघडायच्या आधी.

गाणंवेडा

हे सोनं आहे, धन्यवाद. पण मालागेन्या ऐकताना एक कोडं पडतं. गिटार उदास सुरू होते, गायक आला की एकदम उजाडल्यासारखं होतं, आणि शेवटी पुन्हा अंधार. दोन वेगळी गाणी जोडलेली असतात का?

कोमल_गंधार

नाही, तीच तर फांदांगो कुटुंबाची खूण. तुमचा कान बरोबर चाललाय.

कडवं चार किंवा पाच ओळींचं, ओळ आठ अक्षरावयवांची. गाताना एखादी ओळ पुन्हा घेऊन सहा तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक 'तेर्सिओ'. ई च्या बैठकीत त्यांचे मुक्काम ठरलेले: सी, एफ, सी, जी, सी, आणि सहावा एफ वरून घसरून ई वर. पहिले पाच मेजरमध्ये, सहावा परत मूळ उताराला. मधे वाजणारी गिटार उदास, ती त्यामुळेच.

हा सांगाडा वेल्वाच्या फांदांगोपासून तारांतापर्यंत तोच आहे. तारांतात फक्त जागा बदलतात: डी, जी, डी, ए, डी, आणि शेवटी जी वरून एफ शार्प. ग्रानाइनात हाच हिशेब जी मेजरपासून.

फरक पडतो तो ठेक्याने आणि गळ्याने. वेल्वा प्रांतात आलोस्नोसारख्या गावांत फांदांगो ठेक्यात गातात, पुष्कळदा सगळे मिळून. मालागाच्या डोंगरातल्या वेर्दियालेसला व्हायोलिन, झांजा आणि डफ, डोक्यावर फिती लावलेल्या टोप्या. हेच गाणं एकोणिसाव्या शतकात धंदेवाईक गायकांच्या हाती पडलं आणि सावकाश होत गेलं. हुआन ब्रेवा (१८४४–१९१८) मालागेन्या अजून ठेक्यात गात असे. कादिसचा एन्रिके एल मेयिसो (१८४८–१९०६) आणि हेरेसचा आंतोनियो चाकोन (१८६९–१९२९) यांच्यापर्यंत येता येता ठेका सुटला आणि एकेक तेर्सिओ एका श्वासाची परीक्षा झाला. नवशिके इथेच मार खातात. पहिल्या दोन तेर्सिओंत सगळा दम खर्च करतात आणि चौथ्यात, जिथे जी च्या कॉर्डावर चढायचं असतं, तिथे आवाज फाटतो.

अलिबागकर

जिप्सी किंग्ज यात कुठे बसतात?

निवांत_पाटील

लग्नाच्या मांडवात.

कोमल_गंधार

खिक्. ते रुम्बा. चारचा ठेका, मंडळी दक्षिण फ्रान्सची. बार्सिलोनात या रुम्बाची स्वतंत्र शाखा आहे. ऐकायला झकास, पण त्यावरून सेगिरियाचा अंदाज बांधू नका.

विलंबित

घराण्यांच्या प्रश्नावर माझं मत: नाही.

घराणं म्हणजे कुठलाही राग मांडण्याची एक रीत. इथे उलट आहे. सोलेआ हा एक पालो. त्याच्या पोटात डझनावारी ठरलेल्या चाली आहेत, त्यांना एस्तीलो म्हणतात, आणि प्रत्येकीवर गावाचा आणि बहुधा माणसाचा शिक्का असतो. आल्कालाच्या चाली होआकीन एल दे ला पाउलाच्या नावावर, कादिसच्या मेयिसोच्या, उत्रेराच्या मेर्सेद ला सेर्नेताच्या. त्रियानात तर दोन प्रवाह, एक गितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, लोहारवस्तीचा आणि दुसरा कुंभारवाड्याचा. त्यामुळे जाणकार श्रोता 'सोलेआ गायला' एवढ्यावर थांबत नाही. 'आल्कालाच्या दोन घेतल्या, मग सेर्नेताची, शेवटी त्रियाना' असं सांगतो. तेव्हा घराणं नव्हे, बंदिश म्हणा.

गायक एका बैठकीत तीन ते पाच कडवी घेतो, आणि त्यांचा क्रम लावणं हीच निम्मी कला. सुरुवात खालच्या, आटोपशीर चालीने करायची. आल्कालाच्या चाली याला सोयीच्या. गळा तापला की वरच्या स्वरातल्या धाडसी चाली. कडवं तीन किंवा चार ओळींचं, शेवटच्या दोन ओळी बहुधा फिरून घेतात. मधे कुठेतरी, पुष्कळदा तिसऱ्या ओळीला, गिटार जी वरून सी वर जाते आणि मग एफ, ई असं घरी येते. तो वळण घेणारा क्षण पकडा, चालीचा शिक्का तिथेच असतो. कोण सरळ चढतं, कोण आधी खाली बुडी मारतं, कोण श्वास न घेता पुढच्या ओळीत शिरतं.

आणि कडवी मुळात स्वतंत्र. एका कडव्यात आई वारली, पुढच्यात शेजारणीची थट्टा. सलग कथा शोधू नका.

चौकटराजा

विलंबित, अर्धंच सहमत. चालींपुरतं तुमचं बरोबर. पण हेरेसचे सान्तियागो आणि सान मिगेल हे मोहल्ले घ्या. तिथे गाणं कुटुंबात चालत आलंय, लहान मूल टाळ्यांमध्येच वाढतं. बुलेरियासमध्ये शब्द कसे तोडायचे, ओळीच्या शेवटी किती टांगून ठेवायचं, हे त्या त्या घरांचं ठरलेलं. तीच चाल कादिसचा माणूस हलकी आणि खेळकर करून गातो. ही रीत नाही तर काय आहे?

विलंबित

रीत आहे, मान्य. पण ती कोणी लिहून-घोटून शिकवत नाही आणि 'आमच्यात हे चालत नाही' म्हणत नाही. उत्रेराच्या फेर्नांदाने (१९२३–२००६) सोलेआत बहुतांशी सेर्नेताच्या चाली आयुष्यभर गायल्या, तरी प्रत्येक वेळी ओळ वेगळ्या जागी तोडली. घराण्यात यावर बोलणी बसली असती.

चौकटराजा

ती आपल्याकडेही बसतात आणि मग तीच गायकी म्हणून मिरवतात :)

इतिहासप्रेमी

राजस्थानचं आता. हा प्रश्न कोणत्याही फ्लामेंको चर्चेत दहाव्या मिनिटाला येतोच.

रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांच्या भाषेचं मूळ भारतीय आहे, यात शंका नाही. ते इथून निघाले त्याला सुमारे हजार वर्षं झाली. स्पेनमधला त्यांचा पहिला लेखी उल्लेख १४२५ सालच्या एका परवान्यात आहे, आरागोनच्या राजाने दिलेल्या. पण गाणं त्यांनी बांधून आणलं असतं तर हंगेरीतले, रोमानियातले, रशियातले रोमाही असंच काहीतरी गायले असते. ते तसं गात नाहीत. फ्लामेंको फक्त दक्षिण स्पेनमध्ये घडला, आणि ज्या रूपात आपण ऐकतो ते एकोणिसाव्या शतकातलं. त्यात जुनी स्पॅनिश लोकगीतं, फांदांगो, रंगभूमीवरची नाचगाणी, अमेरिकेतल्या वसाहतींतून परतलेले ठेके, सगळं मिसळलंय. ग्वाखिरा क्यूबातून आली, हे तर तिच्या शब्दांतच दिसतं. भैरवीसारखा उतार ऐकू आला म्हणून वंशावळ सिद्ध होत नाही. तो उतार तुर्कस्तानपासून मोरोक्कोपर्यंत सापडतो.

नाराज_नारायण

इतिहासप्रेमी, तुम्ही गितानोंना पार बाजूलाच केलंत. सोलेआ, सेगिरिया, बुलेरियासच्या चाली ज्यांच्या नावावर आहेत त्यांतले बहुसंख्य गितानोच. मान्वेल तोर्रे, तोमास पावोन, त्याची बहीण पास्तोरा म्हणजे ला निन्या दे लोस पेइनेस. १७४९ साली सरकारने एका फर्मानाने हजारो गितानो पकडून तुरुंगात आणि शस्त्रागारांत डांबले. तोनाच्या कडव्यांत बेड्या आणि कोठड्या येतात त्या हवेतून आल्या का? गायक आंतोनियो मायरेनानेही हेच मांडलं की मूळ गाणं गितानोंच्या घरात बंद दाराआड होतं आणि नंतर बाहेर आलं.

इतिहासप्रेमी

बाजूला केलं नाही. गितानोंशिवाय फ्लामेंको झालाच नसता. 'तयार गाणं भारतातून आलं' आणि 'गितानोंनी अंदालुसियात घडवलं' ही दोन वेगळी विधानं आहेत, दुसरं मला मान्य आहे. मायरेनाचा सिद्धांत मात्र गाळणी लावूनच घ्यावा. त्याने आणि कवी रिकार्दो मोलिनाने १९६३ साली पुस्तक लिहून चालींची वर्गवारी केली. ते काम मोठं, कितीतरी एस्तीलो त्यामुळे टिकले. पण बंद दाराआडच्या काळाचा पुरावा नाही, आणि त्या वर्गवारीत गितानोंचं ते 'खोल', इतरांचं ते दुय्यम, असा कल आहे. सिल्वेरियो फ्रान्कोनेत्ती (१८३१–१८८९) गितानो नव्हता, बाप इटालियन. तो एल फियो या गितानोकडून शिकला, सेगिरियात स्वतःची चाल सोडून गेला आणि १८८१ मध्ये सेवियात स्वतःचा गाण्याचा कॅफे उघडला. चाकोनही गितानो नव्हता. घेणं-देणं दोन्ही बाजूंनी आहे.

नाराज_नारायण

कल आहे हे मान्य, पण मायरेनाने जमवलं नसतं तर आज वर्गवारीवर टीका करायला चाली कुठून आणल्या असत्या?

संपादक

हा वाद १९६३ पासून चालू आहे, या धाग्यावर मिटणार नाही. मूळ प्रश्नाकडे या.

गळाकाढू

गाण्याच्या तंत्रावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आवाजाचे प्रकार मानतात. घोगरा, खरवडलेला तो 'आफिया', एल फियोच्याच नावावरून. भरदार गोल आवाज वेगळा, जसा तोमास पावोनचा. पातळ, पटकन फिरणारा तिसरा, फांदांगोला आणि अमेरिकेहून आलेल्या पालोंना शोभणारा. कोणता श्रेष्ठ यावर भांडणं आहेत, पण घोगरेपणा ही पात्रतेची अट नाही. चाकोनचा आवाज स्वच्छ आणि उंच होता.

कडवं थेट सुरू होत नाही. आधी 'आय'वर किंवा 'ती-री-ती'सारख्या अक्षरांवर गळा जुळवतात, त्याला 'तेंप्ले' म्हणतात. आलेग्रियासमध्ये ही सुरुवात 'तीरी-ती-त्रान-त्रान' अशी ठरलेली, म्हणून तो पालो शेंबडं पोरही ओळखतं. मग कडवं, आणि शेवटी आवरणारा जोरकस तुकडा.

शिकणाऱ्यांच्या चुका साधारण तीन. कामारोन या गायकाची खरखर उसनी घेतात: घसा आवळून ती आणली की महिन्याभरात आवाज बसतो. ती खरखर दाबातून येत नाही, पोटातून हवा मोकळी सोडून वर कड ठेवल्याने येते. दुसरी, पुस्तकी स्पॅनिश उच्चार. अंदालुसियात शेवटचा 'स' गळतो, दोन स्वरांमधला 'द' गळतो, 'कान्तादो'चं 'कान्ताओ' होतं. सगळी व्यंजनं स्पष्ट उच्चारली तर तान फिरवायला स्वरच उरत नाहीत. तिसरी, श्वास. तो व्याकरणाच्या जागी घेत नाहीत. शब्दाच्या मधे तोडून पुढचा अर्धा शब्द नव्या तेर्सिओत टाकतात, आणि ओढ त्यातूनच तयार होते.

शिकायचा क्रम: आधी तांगोस आणि वेल्वाचे फांदांगो, कारण ठेका सोपा आणि स्वरांची धाव मर्यादित. मग आलेग्रियास, मग सोलेआ. सेगिरिया शेवटी. तिचं कडवं लहान, ६-६-११-६ अक्षरावयवांचं, अकराची ओळ पाच आणि सहा अशी तुटते. शब्द इतके कमी की प्रत्येकावर रेंगाळावं लागतं. कच्चा गायक तिथे लगेच उघडा पडतो.

मैथिली_ठाणे

श्रोत्यांनी 'ओले' कधी म्हणायचं? टाळ्या वाजवल्या तर चालतात का?

मात्रामोजणी

ओले तेर्सिओ संपताना, गायक दहावर उतरला की. स्वर धरलेला असताना मधेच ओरडलात की बाजूचे वळून बघतात. टाळ्या हे वादन आहे, ते ठरलेल्या दोन-तीन जणांवर सोडायचं. गायक गात असताना ते तळहात पोकळ करून दबक्या टाळ्या देतात. गिटार किंवा पायकाम रंगलं की बोटं तळहातावर आपटून कडक टाळ्या. एकजण मात्रेवर, दुसरा मात्रांच्या मधल्या फटीत. तिसऱ्या उत्साही माणसाने यात हात घातला की फट बुजते आणि सगळं भाजणीच्या डब्यासारखं घट्ट होतं. मुक्त लयीच्या पालोंना टाळ्या मुळीच नाहीत.

रसिका_सातारकर

यात भर: नाचामागचं गाणं आणि खुर्चीत बसून समोर गायलेलं गाणं ही दोन वेगळी कामं. नाचामागे गायकाला तेर्सिओ मनासारखा लांबवता येत नाही. नर्तकाने पायाने खूण केली की कडवं घ्यायचं आणि वेळेवर सोडायचं. म्हणून पालो शिकायला नाचाचे व्हिडिओ बघू नका. तिथे सगळ्याच पालोंच्या शेवटी लय वाढते आणि सोलेआची बुलेरियास कधी झाली कळत नाही.

अलिबागकर

मग ऐकायचं काय? क्रमाने सांगा, नाहीतर परत जिप्सी किंग्ज लावतो.

कोमल_गंधार

धमकी पोचली.

बाराची सोलेआ फेर्नांदा दे उत्रेराची. सेगिरिया मान्वेल तोर्रेची. मुद्रणं जुनी आणि खरखरीत आहेत, तरी तीच. मालागेन्या आणि ग्रानाइना चाकोनची, शक्यतो रामोन मोन्तोया गिटारवर असलेली. तोना आणि देब्ला तोमास पावोनची. तांगोस, पेतेनेरा आणि जवळपास काहीही, पास्तोरा पावोनचं. पेतेनेरा अपशकुनी मानतात आणि कित्येक गितानो गायक तिला हात लावत नाहीत, पण तिने लावला. बुलेरियासला ला पाकेरा दे हेरेस. कामारोन १९६९ पासूनच्या, गिटारवादक पाको दे लुसियाबरोबरच्या मुद्रणांपासून सुरू करा. १९७९ नंतरचा कामारोन आणि गायक एन्रिके मोरेन्तेचे प्रयोग आधीचं पचल्यावर.

एकाच ठिकाणी सगळं हवं तर १९५४ चा संग्रह, जो स्पेनमध्ये हिस्पावोक्सने काढला, गिटारवर पेरिको एल देल लुनार. आणि स्पॅनिश दूरदर्शनची १९७१ ते १९७३ मधली 'रितो इ खेओग्राफिया देल कान्ते' ही मालिका. तीत गायक घरात, अंगणात, दारूच्या गुत्त्यात गाताना दिसतात, तोंडाची ठेवण आणि श्वास जवळून बघता येतो. जुन्या तबकड्यांवरची लेबलं मात्र डोळे झाकून मानू नका, पालोंची नावं चुकीची छापलेली सापडतात. कोम्पास मोजा आणि मग ठरवा.

चौकटराजा

खाणीच्या गाण्यांना विसरलात. मुर्सियातल्या ला उनियोन गावात १९६१ पासून खाणगीतांचा उत्सव भरतो, स्पर्धेतलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे खाणकामगाराचा दिवा. मिनेरा, कार्ताहेनेरा, तारांता तिथेच कसून तपासल्या जातात. एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाहून खाणमजूर तिकडे गेले, त्यांच्याबरोबर फांदांगो गेले आणि तिथे पोचून हे झाले.

गाणंवेडा

आता परीक्षा देतो. काल ऐकलेले तुकडे:

अ) गिटार नाही, हातोडा आहे, पण पाच टाळ्या व्यवस्थित मोजता येतात आणि मागे पाय वाजतायत.
ब) चारचा ठेका, रेंगाळणारा, झोके घेणारा. शेवटच्या मिनिटात अचानक जलद.
क) बाराचा, सोलेआपेक्षा बराच जलद पण बुलेरियासइतका नाही. सूर उदास.

अ मार्तिनेते म्हणावं तर ते मुक्त लयीतलं असं वर लिहिलंय.

कोमल_गंधार

अ) मार्तिनेतेच. नुसतं गायलं की मुक्त. नाचाला घेतलं की सेगिरियाच्या कोम्पासवर बसवतात, म्हणून पाच टाळ्या. ही चाल आंतोनियो या नर्तकाने १९५२ साली एका चित्रपटात मार्तिनेते नाचल्यापासून रुळली.

ब) तिएंतोस. शेवटी तांगोसमध्ये जाणं हा रिवाज आहे.

मात्रामोजणी

क) सोलेआ पोर बुलेरियास. खात्रीला गिटारची बैठक बघा. सोलेआ बहुधा ई मध्ये, ही बहुधा ए मध्ये. व्हिडिओ असेल तर डावा हात बघितला तरी पुरे. कडवी सोलेआचीच असतात, पण शेपटं छोटी करून घेतात, कारण त्या चालीत दहावर पोचायला वेळ कमी असतो. केवळ आवाज असेल तर गायक ओळ संपवून किती टेकतो ते ऐका. पूर्ण आवर्तनभर थांबला तर सोलेआ, अर्ध्यात उचललं तर ही.

गाणंवेडा

डावा हात ए च्याच बैठकीत दिसतोय. आता तो साएताचा तुकडा लावतो, त्यात मागे बँडचे ढोल वाजतायत आणि गायिका त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीये.

कोमल_गंधार

बघणारच नाही. मिरवणूक थांबली की बँड गप्प होतो आणि मग साएता सुरू होते. तुमच्या तुकड्यातले ढोल मागच्या पालखीचे असणार. साएता सेगिरियाच्या वळणाची आहे की मार्तिनेतेच्या ते ऐका. पुष्कळ गायिका पहिल्या वळणाने सुरू करून दुसऱ्याने संपवतात.